पाच व्होल्ट कुठं अडले

माझ्या भावाला आजही कुणी विचारलं, ‘सर, तुम्ही शाळा का सोडली?’ तर तो हसतो आणि विषय बदलतो. मला हसू येत नाही. त्यानं शाळा सोडली नव्हती. त्याला काढलं होतं, आणि तेही एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं खरं कारण सांगितलं म्हणून. इतकी वर्षं मी हे घरातल्या घरात बोलत आले, पोराबाळांचे कान किटवले. आता गुडघे धरतात, जिना चढवत नाही, पण राग काही उतरायला तयार नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमचं गाव ताडकळसच्या रस्त्याला. घर गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराला लागून. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे शेणानं सारवलेलं अंगण आणि त्यात एक बाज. बाबा रेल्वेत गँगमन, पूर्णेला असायचे, सुट्टीला यायचे तेव्हा पिशवीत चिवडा आणि खांद्यावर रुळाच्या तेलाचा वास घेऊन यायचे. घरात माय, दादा आणि मी. पहाटे माय भाकरी थापायला बसली की त्या थापण्याच्या आवाजानंच आम्हाला जाग यायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. समोरच पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की आमच्या घरातला बल्ब एकदम मलूल व्हायचा आणि बंद झाली की डोळे दिपतील असा पेटायचा. दादा हातात मीटर घेऊन त्या बल्बखाली उभा राहायचा आणि मला आकडे वाचायला लावायचा. मी परभणीला कॉलेजात शिकत होते, सायन्सला. दादाच्या डोळ्यांना जवळचं नीट दिसायचं नाही, चष्म्यातूनही तो डोळे बारीक करायचा, म्हणून डाग द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. रेडिओचे सुटलेले सांधे मी जोडायची. कथिल वितळल्यावर येणारा तो उग्र गोडसर वास मला गुलाबजलापेक्षा आवडायचा. माय म्हणायची, ‘‘पोरीच्या हाताला मेंदी न्हाई आन् चटके हायेत.’’

दादा गावातल्याच संस्थेच्या शाळेत सायन्स शिकवायचा. नोकरी अजून कच्ची होती. पुढच्या जूनला त्याला कायम करणार असं सगळे म्हणत होते, आणि आमच्या घराचं सगळं त्या एका जूनवर टेकलं होतं. बाबांची निवृत्ती आली होती, माझं शिक्षण व्हायचं होतं, दादाचं लग्न ठरता ठरता ‘कायम झाल्यावर बघू’ म्हणून थांबलं होतं. ते दिवसही साधे नव्हते. विद्यापीठाच्या नावाचा वाद अजून मिटला नव्हता. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर आमच्या पोरांनी लिहिलेली घोषणा चुन्यानं पुसलेली होती आणि चुन्याखालून अक्षरं तरीही वाचता यायची. वाद पेटला तेव्हा मी लहान होते. त्या वेळचं मला एवढंच आठवतं की आमच्या वस्तीत कितीतरी दिवस चूल पेटली नाही, कारण धूर दिसला असता तर आम्ही घरात आहोत हे कळलं असतं. आम्ही भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊन राहिलो. मायच्या जिवातली ती भीती पुढं कधीच गेली नाही. गावात कुणी मोठ्यानं बोललं तरी ती आधी दाराकडे बघायची.

तर अशा शाळेत सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. आताच्या मुलांना सांगितलं तर हसतील. कीबोर्ड आणि पेटी एकच, वर टीव्हीसारखा पडदा आणि प्रोग्रॅम ठेवायला टेपरेकॉर्डर. पेटीच्या मागच्या बाजूला वरून हवेसाठी आडव्या फटी होत्या आणि त्या फटींच्या बरोबर खाली वीजपुरवठ्याचा डबा. भिंतीतली वीज घेऊन मशीनला लागणारे पाच व्होल्ट करून द्यायचे, हे त्या डब्याचं काम. दादा औरंगाबादला जाऊन त्याचं ट्रेनिंग घेऊन आला होता. शाळेत दुसऱ्या कुणाला ते चालूसुद्धा करता येत नव्हतं. शाळा सुटल्यावर दादा पोरांना बसवायचा, मराठ्यांची, लिंगायतांची, आमची, जी थांबतील ती. पोरं एका बोटानं कीबोर्ड दाबायची आणि पडद्यावर स्वतःचं नाव उमटलं की उड्या मारायची.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे काही नवीन नाही. शेतकरी विळा-कुऱ्हाड पूजतो, ड्रायव्हर गाडी पूजतो. शाळेत टाइपरायटर, प्रयोगशाळेतला तराजू, बागेतली कोयता-कुदळ, सगळं मांडायचे. त्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव बापूसाहेब म्हणायचं, ते स्वतः पूजेला आले. त्यांना कॉम्प्युटरची पूजा करायची होती आणि तीही तो चालू असताना. बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला टिळा लावल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. दादानं सुचवून पाहिलं की प्लास्टिकच्या कव्हरवर हार घालू. बापूसाहेब म्हणाले, ‘‘मास्तर, तुमी फक्त चालू करा. पूजेचं आमाला शिकवू नका.’’ दादानं मशीन चालू केलं, पडद्यावर शाळेचं नाव आणलं, आणि मग त्याला सांगण्यात आलं की आता जरा बाहेर थांबा. ज्या माणसाशिवाय ते यंत्र डोळा उघडत नव्हतं, तो माणूस पूजा होईस्तोवर व्हरांड्यात उभा! बाकीचा स्टाफ आत. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि दादानं घरी येऊन सांगितलं तेही अगदी सहज, भाकरी मोडता मोडता. मी ताटावरून उठले. माय म्हणाली, ‘‘बस खाली. रोजचंच हाय ते.’’ रोजचं आहे म्हणून कमी लागतं का?

आत काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, शेजारीच नारळ फोडला आणि त्यातलं पाणी आंब्याच्या पानानं चालू मशीनवर चांगलं शिंपडलं. मशीन लगेच काही बंद पडलं नाही. पडलं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीच्या सुट्टीआधी ते अधूनमधून आतून टिकटिक करायला लागलं, पाल चुकचुकावी तसं. सुट्टीनंतर दादानं पोरांसमोर बटन दाबलं, तर एक जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि सगळं ठप्प.

दुपारपर्यंत गावात झालं होतं की कॉम्प्युटर जाळला. कुणी जाळला? अर्थातच दादानं! आपल्या वस्तीतली पोरं आणून बसवतो, वाटेल तशी बटनं दाबू देतो, सरकारी वस्तूची किंमत नाही, फुकटात मिळालेल्यांना कुठून असणार. शेवटचं वाक्य बापूसाहेबांचं, स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत म्हटलेलं. दादाला कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायची बंदी झाली. कंपनीचा माणूस मुंबईहून येणार आणि तोवर दादाच्या कायम होण्याचा विषय बाजूला. एकाही माणसानं मशीन उघडून पाहिलं नव्हतं. एकाही माणसानं भिंतीत वीज येते का तेवढंसुद्धा तपासलं नव्हतं. पण गुन्हेगार ठरला होता!

शाळेचे हेडसर मात्र भला माणूस, असं आम्ही समजत होतो. ते आमच्या घरी यायचे, बाजेवर बसायचे, मायच्या हातचा चहा प्यायचे. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती आणि मायला त्याचं फार होतं, त्यांच्यासाठी तिनं वेगळी कपबशी जपून ठेवली होती, फुलाफुलांची. हेडसरांनी दादाला एका रविवारी गुपचूप खोली उघडून दिली. मी सोबत होते.

दादाची एक पद्धत होती. तो म्हणायचा, ‘‘माले, संशय घ्यायचा न्हाई. मोजायचं. जिथून वीज येते तिथून निघायचं आन् जिथं ती अडली तिथं थांबायचं.’’ आधी त्यानं भिंतीतला सॉकेट मोजला. वीज होती, थोडी कमी, पण होती. मग स्टॅबिलायझर मोजला. तो इमानदारीत दोनशे तीस देत होता. मग वायर, मग प्लगमधला फ्यूज. सगळं ठीक. मग त्यानं मशीनचं झाकण काढलं, वीजपुरवठ्याच्या डब्यातून निघणाऱ्या तारा मुख्य बोर्डापासून सोडवल्या आणि त्यांवर मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. पाच व्होल्टच्या जागी शून्य. म्हणजे पोरांनी दाबलेल्या बटनांचा, कीबोर्डचा, बोर्डाचा काहीएक संबंध नव्हता. वीज डब्यात जात होती आणि बाहेर येत नव्हती. हेडसरांनी स्वतः तो काटा पाहिला. ‘‘अरे वा, म्हणजे तू सुटलास,’’ असं म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

हेडसरांच्या परवानगीनंच डबा पिशवीत घालून आम्ही घरी आणला. अंगणात पोतं अंथरलं. माय चार हात लांब बसली, कारण दादानं तिला सांगून ठेवलं होतं की प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते आणि ती माणूस फेकून देते. दादानं आधी बल्बच्या तारा त्या कंडेन्सरला लावून तो रिकामा करून घेतला. आतला फ्यूज उडालेला होता, नुसता तुटलेला नाही, काच आतून काळी. नवा फ्यूज टाकून थेट वीज दिली असती तर तोही गेला असता. म्हणून दादानं रेडिओवाल्यांची जुनी युक्ती केली, विजेच्या वाटेत एक साधा बल्ब मधे जोडला. डबा नीट असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. आत कुठं वीज आडवाटेनं सरळ परत जात असेल तर बल्ब भरभरून पेटतो. प्लग लावला आणि बल्ब असा लख्ख पेटला की मायनं पदर तोंडाला लावला.

आडवाट शोधायचं काम माझ्या डोळ्यांचं होतं. मी भिंग घेऊन डब्यात वाकले. वीज जिथून आत शिरते, तिथंच दोन तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे एक खपली होती. तांबूस, चिकट, मधे कोळशासारखी काळी पडलेली. आणि त्या खपलीत अडकलेले तांदळाचे दाणे, एका बाजूनं अजून कुंकवाचे लाल आणि दुसऱ्या बाजूनं भाजलेले. शेजारचा कंडेन्सर तडकून त्यातून तपकिरी रस गळालेला. नारळाचं पाणी वाळतं तेव्हा त्यातली साखर आणि क्षार मागं राहतात. थंडीची ओल धरली की त्यातून वीज थोडी थोडी वाहते, वाहता वाहता जाळते, आणि जळालेल्या कोळशातून मग धो धो वाहते. ती टिकटिक याचीच होती. दादानं मला हे समजावून सांगितलं आणि भिंग माझ्या हातातून घेऊन ते दाणे स्वतः पाहत बसला. मी तर आनंदानं नाचायला लागले होते. सापडलं होतं ना!

‘‘आता हे सांगायचं कसं?’’ दादा म्हणाला.

‘‘कसं म्हंजे? जे हाय ते सांगायचं.’’

‘‘येडे, पूजेनं मशीन जळालं असं कोण सांगायलाय, ते बघ आधी.’’

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कुणाही दुसऱ्यानं हे सांगितलं असतं तर लोक हसले असते, अरेरे म्हणाले असते, पुढच्या वर्षी लांबून पूजा केली असती. आमच्या घरातल्या माणसानं सांगितलं की तो धर्मावर घाला होणार होता. आणि भिंतीवरचा चुना अजून ओला म्हणावा असे ते दिवस! मायनं सगळं ऐकलं आणि ताडकन म्हणाली, ‘‘लाईटीचा झटका आला म्हन. कोन बघायलंय आत? जूनला कायम व्हायचंय, खामखा जिवाला घोर नको.’’

संध्याकाळी हेडसर आले. दादानं त्यांना डबा दाखवला. त्यांनी खिशातली टाचणी काढून खपली खरवडली, दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले. म्हणाले, ‘‘खरंच की. अक्षता.’’ मग बाजेवर बसून चहा पीत त्यांनी मायचंच म्हणणं शुद्ध भाषेत सांगितलं. व्होल्टेज वाढलं, डबा गेला, तो तू दुरुस्त केलास, विषय संपला. सगळ्यांचंच भलं. दादानं मान हलवली. होकार होता की नुसती मान होती, ते मला त्या वेळी कळलं नाही.

परभणीहून मी नवा कंडेन्सर आणला. काळं झालेलं सगळं मी ब्लेडनं खरवडून काढलं, स्पिरिटनं पुसलं, कंडेन्सर बसवला, डाग दिले. हा डबा पुढं काही जोडल्याशिवाय नीट चालत नाही, म्हणून पाच व्होल्टच्या तारांना दादानं मोटारसायकलचा छोटा दिवा जोडला. प्लग लावला. मधला बल्ब एकदा चमकला आणि विझत गेला, आणि इकडे तो छोटा दिवा पेटला. मीटरवर बरोबर पाच. मायनं गूळ-शेंगदाण्याचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. आमच्या घरात त्या दुपारी जे हसू होतं, तसं मी पुन्हा फार कमी वेळा पाहिलं.

मशीन चालू झालं ते पाहायला बापूसाहेब आले. डबा बसवायला हात लागेल म्हणून दादानं मला सोबत नेलं होतं. स्टाफ जमला. पडद्यावर अक्षरं आली तसे सगळे टाळ्या वाजवायला लागले. बापूसाहेब खुशीत होते. त्यांनी पेढे मागवले. हेडसर म्हणाले, ‘‘व्होल्टेजचा दोष होता, साहेब. मास्तरांनी काढला.’’ इथं सगळं संपलं असतं. पण बापूसाहेबांना गप्प बसवेना. पेढा मोडत म्हणाले, ‘‘व्होल्टेजचं निमित्त हो. हाताळणी नीट पाहिजे. आता त्या खालच्या पोरांना यापासून लांब ठेवा मंजे झालं. मास्तर, करताल ना तेवढं?’’

दारात पोरं उभी होती. सगळ्या वस्त्यांची. आमचीही. दादानं त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

‘‘साहेब, पोरांचा दोष न्हाई आन् व्होल्टेजचाबी न्हाई. पूजेच्या दिवशी चालू मशीनवर नारळाचं पाणी शिंपडलं, ते वरच्या फटीतून आत गेलं. आत अक्षता होत्या, कुंकू होतं. त्यानं जळालं.’’

बापूसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘मंजे आमच्या देवानं तुमचं मशीन जाळलं म्हणा की.’’

‘‘देवानं न्हाई, साहेब. पाण्यानं.’’

बापूसाहेब हेडसरांकडे वळले. ‘‘तुमी पाहिलं का काही आत? अक्षता, कुंकू?’’

माझ्या मनात आलं, झालं, आता सुटलो. ज्यांनी स्वतःच्या टाचणीनं खरवडलं, स्वतःच्या तळहातावर दाणे घेतले, तो माणूस समोर उभा होता. बामणाचं पोर, शाळेचा मुख्य, सगळ्या गावाचा मान. त्यांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर बापूसाहेबांना पुढं बोलायला जागा नव्हती. एक अक्षर. हेडसर जमिनीकडे बघत म्हणाले, ‘‘मी... डबा तपासला तेव्हा हजर नव्हतो, साहेब.’’

‘‘सर!’’ मी ओरडले. ‘‘आमच्या अंगणात बसून तुमीच खरवडलं की!’’

‘‘ही कोण?’’ बापूसाहेबांनी विचारलं, आणि शिपायानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. पोरांमधून जाताना मला रडू आलं नाही. अंगाची नुसती आग होत होती.

बापूसाहेबांवर मी फार शब्द खर्च करत नाही. ते जसे होते तसे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्याकडून कुणी काही आशा धरली नव्हती. जळते ते त्या दुसऱ्या माणसावर, ज्यानं आमच्या घरचा चहा प्यायला, ज्याला सगळं ठाऊक होतं, आणि जो वेळ आल्यावर मूग गिळून बसला. कॉम्प्युटर चालू राहिला. खोलीची किल्ली ड्रॉइंगच्या मास्तरांकडे गेली, ज्यांना तो चालू करता येत नव्हता. पोरं खिडकीतून बघून जायची. आणि शाळेचं वर्ष संपलं तेव्हा दादाला मोकळं केलं. कारण काय, तर पद शिल्लक नाही. जूनमध्ये त्याच पदावर बापूसाहेबांचा भाचा आला.

मायनं दादाला एका शब्दानं बोल लावला नाही, मला त्याचीच धास्ती होती. नुसती म्हणाली, ‘‘पोरांच्या तोंडाकडं बघून बोललास ना? मंग बरं केलंस.’’ आणि मग चुलीपुढं बसून तोंड फिरवून रडली.

दादाचा अनुभवाचा दाखला घेऊन हेडसर स्वतः घरी आले. दादा घरात नव्हता, कामाच्या शोधात परभणीला गेला होता. हेडसर नेहमीसारखे बाजेवर बसले. मायनं नेहमीसारखा चहा केला, त्याच फुलाफुलांच्या कपात दिला. त्या माउलीला काय म्हणावं! सर फुंकर घालत म्हणाले, ‘‘तुझा भाऊ फार हुशार, बाई. पण कुठं काय बोलावं याचं तारतम्य पाहिजे.’’

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. विचारलं, ‘‘सर, तुमी खोटं का बोलले?’’

माय आतून ‘‘माले!’’ म्हणून ओरडली. सरांनी कप खाली घेतला. चिडले नाहीत. अगदी समजावणीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, ‘‘तू लहान आहेस, तुला नाही कळायचं. आम्हाला या गावात राहायचंय.’’

‘‘मंग आमी कुठं ऱ्हातो, सर?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, पत्र्याकडे, बाजेकडे, चुलीकडे. कप तसाच बाजेवर ठेवला आणि वहाणा घालून निघून गेले.